लोणचं-पापड आणि टेन्शन, एवढंच नाही
तिशीत बीपी वाढलं की लोक सहज म्हणतात, हे टेन्शन आणि खारट लोणचं-पापड यांचंच काम. बहुतेकांच्या बीपीला एकच असं नेमकं कारण सापडत नाही, हे खरंच. पण तीन-तीन गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, तर मूत्रपिंडं, त्यांच्या रक्तवाहिन्या, झोपेत श्वास अडकणं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी तपासायला हव्यात. या ग्रंथींतलं आल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन, वाढणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. फिओक्रोमोसायटोमाची गाठ, म्हणजे ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्स भरमसाट सोडणारी ॲड्रिनलमधली गाठ, मात्र खरोखर दुर्मीळ.

माझ्या मावसभावाला ती होती. जेवता जेवता पांढराफटक पडायचा, बनियन घामाने चिंब, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. वीस मिनिटांनी गडी पुन्हा वरणभात कालवायला मोकळा! पित्त समजून आम्ही वर्षभर कोकम सरबत पाजलं. शेवटी २४ तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिनवरून (ॲड्रेनलिन मोडून तयार होणारा पदार्थ) उलगडा झाला. ऑपरेशनआधी काही दिवस अल्फा ब्लॉकर, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, दिला. आधीच नुसता बीटा ब्लॉकर (हृदयाची धडधड कमी करणारं औषध) दिला असता तर बीपी उलट भडकलं असतं.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर १९६९ मध्ये वारले. त्यांनाही बीपी होतं, आणि अशीच दीड सेंटिमीटरची गाठ सापडली ती थेट शवविच्छेदनात.