ऑर्डरच्या स्क्रीनसाठी डिक्लेरेटिव्ह पद्धत घ्यावी की जुनी इम्परेटिव्हच ठेवावी?

प्रश्न
सोलापूरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे अँड्रॉइड ॲप सध्या माझ्याकडे आहे. ते एक्सएमएल लेआउट (स्क्रीनच्या मांडणीची फाइल) आणि व्ह्यू (स्क्रीनवरचे घटक) वापरून, म्हणजे प्रत्येक बदलाचा आदेश स्वतः देण्याच्या इम्परेटिव्ह पद्धतीने लिहिलेले आहे. ऑर्डरच्या स्क्रीनवर रंग बदलला की शिल्लक नग, दर, ‘ऑर्डर नोंदवा’ हे बटण आणि ‘माल संपला’ ही सूचना असे सगळेच बदलावे लागते. हे सर्व जेटपॅक कंपोजमध्ये, म्हणजे कोणत्या स्थितीत स्क्रीन कशी दिसावी एवढेच सांगण्याच्या डिक्लेरेटिव्ह पद्धतीच्या अँड्रॉइड साधनात, नव्याने लिहावे काय? कामगारांकडचे फोन जुने आहेत, ही माझी मुख्य चिंता आहे.

उत्तर १
या स्क्रीनपुरते तरी अवश्य लिहावे. बटण चालू की बंद, सूचना दिसते की नाही, अशा चार स्वतंत्र गोष्टी धरल्या तरी स्क्रीनची १६ रूपे होतात आणि एका रूपातून दुसऱ्यात जाण्याच्या २४० वाटा निघतात. इम्परेटिव्ह पद्धतीत प्रत्येक वाटेवर काय बदलायचे हे आपणच सांगतो. त्यामुळे पांढऱ्या रंगाचा साठा संपल्यावर दाखवलेली सूचना निळा रंग निवडल्यावर लपवायची एका ठिकाणी राहून गेली, की ती तशीच दिसत राहते. डिक्लेरेटिव्ह पद्धतीत ‘शिल्लक शून्य असेल तर सूचना दाखव’ एवढेच लिहायचे असते, लपवण्याचा वेगळा आदेश लागतच नाही.

मात्र सर्व्हरकडून आधीच्या रंगाचे उशिरा आलेले उत्तर नव्या रंगाखाली दिसणे हा निराळा प्रश्न आहे आणि तो केवळ पद्धत बदलून सुटत नाही. शिल्लक ‘लाँच्ड इफेक्ट’मध्ये (कंपोजमधून असे काम सुरू करण्याची सोय) मागवावी आणि रंग हीच त्याची ‘की’ (ओळखीची खूण) ठेवावी, म्हणजे रंग बदलताच आधीचे काम रद्द होते.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, पण सगळे ॲप मोडून पुन्हा बांधू नये. कॅमेऱ्याचे बारकोड स्कॅनर नीट चालत असेल, तर ते व्ह्यूमध्येच राहू द्यावे. जुना व्ह्यू कंपोजमध्ये बसवणाऱ्या ‘अँड्रॉइड व्ह्यू’च्या साहाय्याने ते कंपोजच्या आतही बसवता येते. शिवाय कंपोजमध्येही फोकस देणे, यादी ठरावीक ओळीपर्यंत सरकवणे ही कामे थेट आदेश देऊनच केली जातात, तेव्हा इम्परेटिव्ह भाग उरला म्हणून खंत बाळगण्याचे कारण नाही.

जुन्या फोनबाबत एक कळकळीची विनंती: वेग रिलीज बिल्डवरच (वापरणाऱ्यांना द्यायची आवृत्ती) मोजावा. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीची आवृत्ती) कंपोज बरेच संथ चालते आणि तेवढ्यावरून निर्णय घेतल्यास तो चुकतो. लांब यादीसाठी ‘लेझी कॉलम’ (दिसणाऱ्या ओळीच तयार करणारी यादी) वापरून प्रत्येक ऑर्डरला तिचा क्रमांक ‘की’ म्हणून द्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘कंपोज व्ह्यू’ (जुन्या स्क्रीनमध्ये कंपोज बसवणारा घटक) वापरून फक्त ऑर्डरची स्क्रीन बदलून पाहिली. रंग आणि शिल्लक व्यवस्थित जुळतात. परंतु यादीत नवी ऑर्डर जोडली तरी ती दिसत नाही.

उत्तर १
तुमची यादी बहुधा साध्या ‘ॲरे लिस्ट’मध्ये ठेवलेली आहे. तिच्यात आत झालेला बदल कंपोजला कळत नाही. ‘म्युटेबल स्टेट लिस्ट ऑफ’ (बदल कंपोजला कळवणारी यादी) वापरावे किंवा दर वेळी नवी यादी तयार करून स्टेटमध्ये (कंपोज ज्यावर लक्ष ठेवते ते मूल्य) ठेवावी. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण यादी कोठे बदलली हे कोडमध्ये लगेच सापडते.