तालमी बंद करून आइसलंड होत नसतं

कृष्णाकाठ : "साडेतीन लाखांचं आइसलंड 2018 चा फुटबॉल वर्ल्डकप खेळलं, पाच लाखांवरची सांगली-मिरज-कुपवाड तालमी कवटाळून बसते. तालमी बंद करा, क्लब काढा," ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. 2016 च्या युरो कपात त्यांनी इंग्लंडला 2-1 हरवलं, 2018 ला अर्जेंटिनाला 1-1 वर रोखलं, सगळं खरं. पण तिथले क्लब गावातलीच माणसं चालवतात. 2018 चा त्यांचा कोच हेमिर हालग्रिमसन दातांचा डॉक्टर, वेस्टमन बेटांवरचा. तिथल्याच ईबीव्ही क्लबात तयार झाला. कोल्हापुरात फुटबॉल जगवला कोणी? पाटाकडील, खंडोबा, या तालमींनीच. फरक छपराचा आणि पगाराचा आहे. 2000 पासून त्यांनी पूर्ण मापाची बंदिस्त मैदानं बांधली, आणि अगदी लहान पोरांनाही शिकलेला, पगारी कोच दिला.

विश्रामबागकर : पोस्ट माझीच. कोल्हापूरचं कौतुक इथं नको. आमच्या मंडळात गणपतीला वर्गणी धडाधड जमते, पोरांच्या बुटांचा विषय काढला की सगळे उठून जातात. मी खेळलोय, भोगलंय.

मिरजेची ताई : छप्पर राहू दे, आधी मैदान मोकळं करा. पोरगी सरावाला गेली की कधी प्रदर्शनाचा मांडव, कधी सभेचं स्टेज. मांडव निघाला की खिळे मागे राहतात. तिच्या तळपायात गेलेला खिळा मी काढलाय.

कुपवाडचा व्यापारी : ताई, त्या प्रदर्शनात माझा गाळा असतो. त्यावर घर चालतं. आम्ही भाडं भरतो, फुकट बसत नाही.

मिरजेची ताई : भाडं भरलं म्हणजे खिळे टाकायचा परवाना मिळाला का? मार्केट यार्डात भरवा की!

कुपवाडचा व्यापारी : तिथं गिऱ्हाईक येतं का? आणि आवाज चढवू नका.

कराडी : काय राव, खिळ्यांवर किती भांडाल? आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचं ब्राँझ आणलं. कुठलं छप्पर होतं त्यांना? जिद्द लागते.

कृष्णाकाठ : दादा, खाशाबांना पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. दर पोरामागं कोण घर गहाण टाकणार? एक खाशाबा दिसतो, पैशाअभावी घरी बसलेले दिसत नाहीत. म्हणून म्हणतो, पगारी कोच द्या.

कराडी : खर्डेकर सरांचं खरं आहे. तरी जिद्दीचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

विश्रामबागकर : बरं, तालमी ठेवा. पण वर्गणीतला कोचच्या पगाराचा वाटा आधी बाजूला काढायचा, मगच मांडवाची सुपारी द्यायची. हे तुमच्या तालमीला मान्य आहे का, तेवढं सांगा.

कृष्णाकाठ : मला आहे. रविवारच्या बैठकीत मांडतो. विरोध होणार, तुम्हीही या.

मिरजेची ताई : आणि खिळे कोण उचलणार, ते कोणीच बोललं नाही.