चौकातील सिग्नलच्या पडताळणीसाठी एलटीएल घ्यावे की सीटीएल?

रामदासपेठकर: व्हेरायटी चौकासारख्या चौरस्त्याच्या सिग्नल-नियंत्रकाची पडताळणी हा माझा अंतिम वर्षाचा प्रकल्प आहे. थांबलेल्या प्रत्येक दिशेला कधी ना कधी हिरवा दिवा मिळतो आणि कोणत्याही अवस्थेतून ‘सर्व दिशा लाल’ या अवस्थेकडे परतण्याची वाट असते, हे दोन गुणधर्म तपासायचे आहेत. लॅपटॉप ८ जीबीचा आहे आणि खर्च करणे शक्य नाही. काळानुसार काय घडते ते सूत्रांत मांडणारे कोणते कालिक तर्कशास्त्र निवडावे: एकेका वाटचालीबद्दल बोलणारे एलटीएल की प्रत्येक अवस्थेतून फुटणाऱ्या वाटांबद्दल बोलणारे सीटीएल?

धरमपेठ_पूर्व: सीटीएलच घ्यावे. एम.टेक.ला मी न्यूएसएमव्ही या मॉडेल-चेकरवर (मॉडेलची, म्हणजे यंत्रणेच्या अवस्थांच्या आराखड्याची, आपोआप तपासणी करणाऱ्या साधनावर) तेच वापरले. सीटीएलच्या तपासणीचा वेळ सूत्राची लांबी आणि मॉडेलचा आकार यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो, तर एलटीएलची तपासणी पीस्पेस-पूर्ण, म्हणजे सर्वसाधारणपणे फार अवघड मानल्या जाणाऱ्या वर्गातली आहे. शिवाय आपला दुसरा गुणधर्म, म्हणजे सीटीएलच्या चिन्हांत एजी ईएफ (‘कोणत्याही अवस्थेतून तिथे जाण्याची वाट आहे’), एलटीएलमध्ये लिहिताच येत नाही.

वर्धारोड: पीस्पेस या शब्दाने घाबरू नये. घातांकी वाढ सूत्राच्या लांबीमुळे होते आणि सूत्रे सहसा ओळभराचीच असतात. खरी अडचण मॉडेलमधील अवस्थांच्या संख्येची आहे. आमच्या कार्यालयात ६४ जीबीचे यंत्र आल्यावरच काम मार्गी लागले, तेव्हा आपणही तसेच घ्यावे.

इतवारी_वाचक: एजी ईएफ एलटीएलमध्ये बसत नाही हे वर आलेच आहे, पण ‘एका क्षणापासून पुढे कायम’ सांगणारे एलटीएलचे सूत्र एफजी सीटीएलमध्ये बसत नाही. एएफ एजी (‘प्रत्येक वाटेवर अशी अवस्था येतेच, जिच्यापासून पुढच्या सर्व वाटांवर कायम’) लिहून तेच साधते असे मानणारे अहवाल मी परीक्षक म्हणून परत पाठवले आहेत. दोन्ही हवे असल्यास दोघांना सामावणारे सीटीएल-स्टार घ्यावे. त्याची तपासणीही पीस्पेस-पूर्णच आहे.

महाल_जुना: एलटीएलचे फार कौतुक नको. ‘प्रत्येक सम पायरीवर अमुक खरे’ एवढेही त्यात सांगता येत नाही, हे वोल्पर यांनी १९८३ मध्ये दाखवले.

वर्धारोड: सिग्नलला सम-विषम पायऱ्या मोजायच्या नाहीत. ‘अन्टिल’ (तोपर्यंत) आणि ‘सिन्स’ (तेव्हापासून) ही कालिक चिन्हे मिळून रेषीय काळावरील प्रथम-क्रम तर्कशास्त्राइतके (‘प्रत्येक क्षणी’, ‘एखाद्या क्षणी’ असे म्हणणाऱ्या तर्कशास्त्राइतके) सारे सांगता येते, हे तर्कशास्त्रज्ञ कॅम्प यांनी १९६८ मध्येच सिद्ध केले.

रामदासपेठकर: सर्वांचे आभार. मी स्पिन या मॉडेल-चेकरवर एलटीएलच वापरणार आहे. परतण्याची वाट नुसती असून वाहतूक पोलिसाचे भागत नाही. त्याने बटण दाबल्यावर सर्व दिशा लाल झाल्याच पाहिजेत, आणि हे एलटीएलमध्ये सरळ लिहिता येते. नवे यंत्र न घेता, अवस्था कमी व्हाव्यात म्हणून सेकंदांची मोजणी मॉडेलमधून काढेन आणि नियंत्रक पुढे सरकत राहतो ही निष्पक्षतेची अट सूत्रातच घालेन, कारण सीटीएलमध्ये ती मॉडेल-चेकरला वेगळी सांगावी लागते.

धरमपेठ_पूर्व: मग दुसरा गुणधर्म बदलल्याचे अहवालात स्पष्ट लिहावे, कारण ही दोन विधाने समान नाहीत.