मदत हवी आहे : स्टेडियमवर आमच्या काकांना निरोप कसा द्यावा?

मंडळी, आमच्या गॅलरीतले एक काका गेल्या महिन्यात गेले. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग असो नाहीतर उन्हाळ्यातली एखादी स्पर्धा, शाहू स्टेडियमच्या त्याच पायरीवर पेपर अंथरून बसलेले असायचे. शेंगांची पुडी सगळ्यांत फिरवायची, पण ऑफसाइडवर वाद घालताना कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. पाटाकडील तालमीच्या संघाचे कट्टर, तरी समोरच्या दिलबहार तालमीच्या पोरानं चांगला गोल मारला की पहिली टाळी त्यांचीच. (आपल्याच बाजूच्या शिव्या खायचे त्यापायी.)

नव्या हंगामातल्या पहिल्या मॅचला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. मॅचआधी एक मिनिट शांतता आणि खेळाडूंच्या दंडाला काळी फीत, यासाठी अर्ज असोसिएशनकडे द्यायचा की तालमीमार्फत? किती दिवस आधी? कापडावर हातानं रंगवून बॅनर करणारा पेंटर कुणाच्या ओळखीत आहे का? फ्लेक्स नको, चौकाचौकात तेच लटकलेत.

घरच्यांचं म्हणणं, शांतता कशाला, हलगी वाजवा. मलाही तेच पटतंय, पण आत वाजवू देतील का?

गॅलरीतले जुने फोटो असतील तर तेही टाका. दिलबहारवाल्यांनी तर नक्कीच.