पाळी ३३-३६ दिवसांची, नवरा फक्त शनिवार-रविवार घरी. नेमके दिवस कसे धरायचे?

अबोली_गजरा
नमस्कार मंडळी. वय ३१, पाळी कधी ३३ तर कधी ३६ दिवसांनी येते पण येते नक्की. गेल्या दिवाळीपासून चान्स घेतोय. मी पुण्यात, नवरा नाशिकला, शुक्रवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर चौदावा दिवस हिरवा दाखवतात त्या हिशोबाने तो रजा टाकून येतो आणि मग सासूबाई विचारतात आज मधेच कसा काय 😅 ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप्स (बीज कधी फुटणार ते लघवीवरून दाखवणाऱ्या पट्ट्या) घेऊ का थेट डॉक्टर गाठू? "टेन्शन घेऊ नकोस" सोडून कुठलाही सल्ला चालेल.

चिंगी७
अगं चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीचा!! तुझ्या अ‍ॅपमध्ये पाळीची लांबी २८ च राहिलीये का बघ आधी. पाळी आल्यापासून पुढे मोजूच नकोस, पुढची येणार तिथून उलटं मोज. बीज फुटल्यावर (म्हणजेच ओव्ह्युलेशन) पाळी यायला बहुतेकींना १२ ते १४ दिवस लागतात, लांबतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणजे तुझं १९ ते २२ च्या आसपास, कधी एखादा दिवस पुढेही.

निवांत_नारळ
चिंगी +१. हे उलटं मोजणं ओगिनो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच मांडलंय, तरी आपण अजून चौदाव्यालाच चिकटून. दुसरी गोष्ट म्हणजे बीज फुटायच्या *आधीचे* दिवस महत्त्वाचे. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास. १९९५ मध्ये अमेरिकेत २२१ बायकांचा अभ्यास छापून आला होता, त्यात दिवस राहिले ते बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच एवढ्यातच, नंतरच्या दिवसांत एकही नाही.
तुमच्या शनिवार-रविवारच्या गणितात बसवायचं तर बीज सोमवार-मंगळवारी फुटणार असेल तर रविवार उत्तम, बुधवारलाही जमून जाईल. गुरुवार-शुक्रवार असेल तर मात्र आधीचा रविवार फार लांब पडतो आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत उशीर झालेला असू शकतो. त्या महिन्यात त्याला मधे एक रात्र यायला सांगा, रजा तिथे वापरा.

मालतीकाकू
संबंधानंतर अर्धा तास कमरेखाली उशी घेऊन पडून राहावं. आणि त्या दिवसांसाठी नवऱ्याने आधी आठ-दहा दिवस लांबच राहावं, आमच्यात असंच सांगायचे.

लॅबवाली_ताई
काकू, उशीने फरक पडतो असं काही सिद्ध झालेलं नाही, पडायचं तर पडा बापडे. पण आठ-दहा दिवस साठवून ठेवणं नको, त्याने फायदा होत नाही. त्या आठवड्यात रोज किंवा एक दिवसाआड, जसं जमेल तसं.

अबोली, स्ट्रिप्स घे. १५व्या-१६व्या दिवसापासून रोज साधारण एकाच वेळी, आधी दोनेक तास लघवी रोखून आणि ढसाढसा पाणी न पिता. ह्यात फिकट दुसरी रेघ म्हणजे पॉझिटिव्ह *नाही* हं, प्रेग्नन्सी टेस्टची सवय असते म्हणून सगळ्या इथेच फसतात. टेस्टची रेघ कंट्रोलच्या, म्हणजे पट्टीवर नेहमीच उमटणाऱ्या रेघेइतकी किंवा त्याहून गडद झाली की पुढच्या एक-दीड दिवसात बीज फुटण्याची शक्यता. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी लांबते तो अंडाशयाचा त्रास) असेल तर मात्र ह्या स्ट्रिप्स उगाचच पॉझिटिव्ह दाखवू शकतात. सोबत स्रावाकडे लक्ष ठेव, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जातो ना ते दिवस चुकवू नकोस. सकाळचं तापमान बीज फुटून गेल्यावर चढतं, त्या महिन्यासाठी काही उपयोग नाही.

आणि कोणी २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (बीज फुटलं का ते बघायची रक्ततपासणी) कर म्हणून चिठ्ठी दिली तर विचार त्यांना. तो २१ पण २८ वाल्यांचाच, तुझं २७ च्या आसपास व्हायला हवं. लॅबमध्ये अशा रिपोर्टवर "बीज बनत नाही" ऐकून रडत आलेल्या मुली बघितल्यात.

गुळपोळी
मग हेच उलटं करून सेफ डेज काढता येतील का? आम्हाला अजून दोन वर्षं नकोय.

लॅबवाली_ताई
नको गं बाई, पाळी एखाद महिन्यात सरकली की संपलं. वेगळा धागा काढ.

अबोली_गजरा
अ‍ॅपमध्ये खरंच २८ होतं 🤦‍♀️ आभार सगळ्यांचे. पण डॉक्टरकडे कधी जायचं मग?

चिंगी७
पस्तिशीच्या आत वर्षभर बघतात, पस्तिशीनंतर सहा महिने. सगळं नीट असलं तरी तुझ्या वयात एका महिन्यात साधारण चारात एक असाच चान्स असतो. तुझी पाळी ३५ च्या पुढे जाते कधीकधी, म्हणून मी तर आत्ताच एकदा दाखवून ये म्हणेन, थायरॉइड वगैरे बघतील, लागलंच तर फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून बीज वाढतंय का बघतात. आणि तुझ्या तपासण्यांबरोबरच नवऱ्याची वीर्यतपासणी करून घे, स्वस्तात होते आणि तीच सगळ्यात शेवटी करतात लोक. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंयस ना?

अबोली_गजरा
नाही केलं अजून. प्रेग्नन्सी राहिल्यावर घेतात ना ते?

चिंगी७
आधीपासून! ४०० मायक्रोग्रॅम, रोज. आजच आण.