ताप उतरला, तरी आई उठत नाही. हा डेंग्यू असू शकतो का?

प्रश्न : कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा)

पोळ्यापासून आमच्या गावात घरटी एक तरी माणूस तापाने पडलेला आहे. माझी आई ६२ वर्षांची आहे. सोमवारी संध्याकाळी ती निंदणावरून आली आणि रात्री एकाएकी १०३ ताप चढला. डोळ्यांच्या मागे आणि कंबरेत असह्य दुखत होते. गावातील डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' असे सांगून सलाईन लावले व अंगदुखीचे इंजेक्शन दिले. आज शुक्रवार. सकाळपासून ताप नाही, परंतु ती अंथरुणावरून उठत नाही, दुपारपासून तीनदा उलटी झाली आणि पोट दुखते म्हणते. शेजारी कोणी चिकनगुनिया म्हणतात, कोणी डेंग्यू. ताप गेलाच आहे तर सोमवारच्या बाजारापर्यंत थांबावे, असे घरच्यांचे मत आहे. काय करावे?

उत्तर : निवृत्त आरोग्यसेवक

भाऊ, सोमवारपर्यंत नव्हे, उद्या सकाळपर्यंतही थांबू नका. आजच ग्रामीण रुग्णालयात न्या आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आपल्याकडे ताप उतरला की दुखणे संपले असे धरतात, आणि डेंग्यूत हीच समजूत घात करते. या आजारात धोक्याचा काळ साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे नेमका ताप ओसरताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या काळात बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील पाणी बाहेर झिरपते, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब घसरू लागतो. म्हणून तापाच्या आकड्यापेक्षा दिवस मोजावेत. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, गुंगी किंवा विनाकारण तळमळ, सहा तासांत लघवी न होणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर रुग्ण घरी ठेवायचा नसतो. तुमच्या आईला यांतील दोन आहेत.

आशाताईंकडे रक्तदाबाचे यंत्र असेल तर वरच्या आकड्यातून खालचा वजा करून पाहा. १०० वर ८० असा दाब कागदावर बरा वाटतो, परंतु ते अंतर २० किंवा त्याहून कमी झाले असेल तर स्थिती गंभीर समजतात. दुसरे, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधे अशा तापात देऊ नयेत, कारण रक्तस्राव वाढू शकतो. केवळ पॅरासिटामॉल द्यावे. रुग्णालयात त्या इंजेक्शनविषयी न संकोचता सांगा. सलाईनही मोजूनमापून द्यावे लागते. झिरपण्याच्या काळात ते जास्त झाले तर पाणी छातीत साचते. आणि पपईच्या पानांचा रस काढण्यात किंवा महागाची किवी शोधण्यात आजची रात्र घालवू नका.

उत्तर : धानपट्ट्यातील ताई (भंडारा)

दादांचे म्हणणे खरे आहे, तुम्ही आधी निघा. चिकनगुनिया ओळखायचा तर सांध्यांवरून. मला झाला तेव्हा तापाला दोन दिवस होण्याआधीच मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे सुजली होती, सकाळी मूठ वळत नव्हती. रोवणीनंतर आलेला ताप आठवड्यात गेला, पण दिवाळी उलटली तरी विळा धरता येत नव्हता. या आजाराचे नावच टांझानियातील माकोंडे भाषेतले असून त्याचा अर्थ 'वाकून जाणे' असा आहे; ज्याला झाला त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पुरळ मात्र दोन्ही आजारांत उठते, त्यावर भरवसा ठेवू नये.

उत्तर : प्रयोगशाळेतील माणूस

तपासणीचा दिवस महत्त्वाचा असतो. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१ चाचणी करतात. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे पाहणे उपयुक्त ठरते. चौथ्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असे म्हणता येत नाही. प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) अवश्य पाहावे, कारण रक्त घट्ट होत आहे हे त्यातून कळते. लोक मात्र प्लेटलेटचाच आकडा विचारतात. हिवतापाची तपासणीही करून घ्या.

आई निंदणाला जातात म्हणून एक जोडतो. काखेत, जांघेत, कंबरेच्या पट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का, ते घरातील बाईमाणसाने पाहावे. तो स्क्रब टायफस असू शकतो. तो गवतातील सूक्ष्म किडा चावल्याने शरीरात शिरणाऱ्या जिवाणूमुळे होतो, विषाणूमुळे नव्हे, आणि त्यावर प्रतिजैविक औषध आहे. २०१८ साली विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते.

कपाशीवाला

त्याच रात्री नेले. एनएस-१ पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट ५८ हजार होत्या आणि रक्त घट्ट झाले होते, म्हणून तेथून लगेच यवतमाळला पाठवले. पाच दिवसांनी आई घरी आली; चालते, परंतु थकवा फार आहे. खपली कोठेही नव्हती. आज आशाताई आल्या, तेव्हा उन्हाळ्यापासून बंद पडलेल्या कूलरच्या टाकीत अळ्या वळवळताना दिसल्या. पाणी लगेच ओतून दिले.

निवृत्त आरोग्यसेवक

नुसते ओतून भागत नाही, भाऊ. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. टाकीची आतली बाजू काथ्याने खरवडून घासा आणि कूलर उन्हात पालथा घाला. नळाचे पाणी दिवसाआड येते म्हणून भरून ठेवलेला रांजणही आठवड्यातून एकदा तसाच घासून कोरडा करा.