बेटांची सफर, स्नॉर्केलिंग आणि रात्रीचा समुद्र : आपापले अनुभव लिहा

शिंपल्यातली

काल फोनमधली जागा संपत आल्याची सूचना आली आणि पाठोपाठ, ‘ही चौदा छायाचित्रे निकामी दिसतात, काढून टाकावीत का?’ असा प्रश्नही फोनने विचारला. उघडून पाहिली तर चौदाच्या चौदा चौकटी काळ्याकुट्ट होत्या. त्या कुठल्या हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. थायलंडमधल्या क्राबीजवळच्या आओ नांग किनाऱ्यावरून दुपारी निघून रात्री आठच्या सुमारास परतणाऱ्या ‘सात बेटे’ सफरीत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मी ती काढली होती, आणि जे टिपण्यासाठी इतकी धडपड केली ते माझ्या फोनला दिसलेच नव्हते.

मला पोहता येत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. कमरेइतक्या पाण्यात, तळ दिसत असताना आणि हाताशी कोणीतरी उभे असताना मला उत्तम पोहता येते. त्यामुळे दिवसा बेटांजवळ होडी थांबे तेव्हा मुखवटा लावून मी होडीच्या सावलीतच तरंगत राहिले आणि तेवढ्यातही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे व काळे, लांब काट्यांचे समुद्री साळू पाहून घेतले. खरा प्रश्न अंधार पडल्यावर उभा राहिला. वाळूवर बसून जेवणे झाली, होडी एका उंच चुनखडीच्या कड्याच्या आडोशाला नेली, इंजिन बंद केले आणि मग दिवेही मालवले. नावाड्याने काही न बोलता पाण्यात हात घातला, आणि त्याच्या बोटांमधून निळसर ठिणग्या निसटू लागल्या.

बाकीचे धडाधड उड्या मारून मोकळे झाले. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले, पाणी छातीपर्यंत आले, आणि तिथेच थिजले. गंमत अशी की ते पाणी हलवले तरच उजळते. भीतीने मी जितकी आखडून राहिले तितका काळोख दाट होत गेला, म्हणून निव्वळ नाइलाजाने एक पाय हलवत राहिले, आणि पोटरीभोवती उजेड दिसू लागल्यावर दुसराही हलवला. शिडी मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

आपल्यापैकी कोणी अशी बेटांची सफर केली असेल तर जरूर लिहावे. रात्रीचे पोहणे नसले आणि केवळ दिवसाचे स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगणे) असले तरी चालेल.

खडूस_खेकडा

आम्हीही हीच सफर केली आणि आम्हाला काहीही दिसले नाही. आकाशात पूर्ण चंद्र होता, समुद्र दुधासारखा पांढरा दिसत होता आणि आम्ही बाराजण त्यात हातपाय झाडत एकमेकांना ‘तुला दिसतंय का?’ असे विचारत होतो. सफर विकणाऱ्याने आदल्या दिवशी चंद्राचा उल्लेखसुद्धा केला नव्हता, आणि मीही आकाशाकडे पाहण्याऐवजी त्याच्या फलकावरच्या निळ्या चित्राकडे पाहत राहिलो.

पंचांगवाचक

खेकडेबुवा, यासाठी अमावास्येची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. ज्याने संकष्टीचा उपास करून रात्री चंद्रोदयाकडे डोळे लावले आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको. या सफरी सातच्या सुमारास पाण्यात उतरवतात. म्हणजे तुम्ही तीन-चार दिवस थांबला असता, तर त्या वेळी चंद्र क्षितिजाखालीच असता आणि अंधार मिळाला असता. अमावास्येचा फायदा आहे, पण तो दुसऱ्या कारणासाठी. याच सफरीत ‘थाले वेक’ नावाचा वाळूचा पट्टा असतो, जो टप आणि मोर ही बेटे कोंबडीच्या मानेसारख्या सुळक्याच्या बेटाशी जोडतो, आणि तो केवळ ओहोटीला उघडा पडतो. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत ओहोटी खूप खोल जाते, म्हणून पट्टा लांबवर चालता येतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत घोटाभर पाण्यातून जावे लागते. तेव्हा अमावास्या साधली तर दुपारी वाळू आणि रात्री काळोख अशा दोन्ही गोष्टी पदरात पडू शकतात. अर्थात त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ सफरीच्या वेळेशी जुळायला हवी.

खडूस_खेकडा

हे सर्व मला आठ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर माझा संसार थोडा सुखाचा झाला असता, कारण सफरीची तारीख मी ठरवली होती.

मिशीवाला

मुखवट्यात पाणी का शिरते याचे उत्तर मला तिसऱ्या बेटावर मिळाले. पहिल्या बेटावर मी मुखवट्याला दोष दिला, दुसऱ्यावर पट्टा इतका आवळला की कपाळावर वळ उठला, आणि तिसऱ्या बेटावर नावाड्याने माझ्या वरच्या ओठाकडे बोट दाखवून हसत मान हलवली. मिशीच्या केसांमधून पाणी झिरपते. रबराची कड कातडीला चिकटतच नाही. त्याने ओठावर व्हॅसलीन लावायला दिले आणि पुढचा अर्धा तास बऱ्यापैकी कोरडा गेला. काच धुक्याने भरत असेल तर आतून थुंकी चोळून हलकेच विसळावी, हा उपायही त्याचाच. किळस वाटते, परंतु त्याइतके काम दुसरे काही करत नाही.

तळ_न_सापडलेला

माझा अनुभव लाजिरवाणा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पाणी आणि मुखवट्यातली हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळतो, त्यामुळे पाण्याखालची वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण पाऊणपट अंतरावर आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. हे शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत आकृतीसह लिहिलेही होते. प्रत्यक्षात मात्र खालची वाळू ‘छातीइतक्या पाण्यात’ दिसली म्हणून मी थोडी विश्रांती घ्यावी या विचाराने पाय खाली सोडले, आणि पाय टेकलेच नाहीत. दचकून मी श्वास आत ओढला, पण नळीचे तोंड तोवर पाण्याखाली गेले होते. सोबतच्या मुलाने माझी कॉलर धरून मला उताणे केले आणि जॅकेटवर तरंगत ठेवले. नंतर त्याने नळीतले पाणी ‘टू’ असा जोराचा फुंकर मारून बाहेर कसे टाकायचे ते शिकवले. वास्तविक ते त्याने होडीतच सर्वांना शिकवले होते, तेव्हा मी छायाचित्रे काढत होतो.

लिंबूसरबत

मी पाण्यात उतरलेच नाही. बोट लागण्याची गोळी सफरीआधी तासभर घ्यायची असते; मी ती पहिली उलटी झाल्यावर घेतली आणि ती दुसरीबरोबर बाहेर पडली. त्यातच मी मागच्या बाजूला, इंजिनाच्या धुराजवळ बसले होते. नंतर कळले की मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. तरीही रात्रीच्या थांब्याला मी होडीच्या कठड्यावरून खाली पाहत होते, आणि मला वाटते की जे मला दिसले ते पोहणाऱ्यांना दिसले नसावे. त्यांना फक्त आपापले हात दिसत होते. वरून प्रत्येक माणसाची संपूर्ण आकृती उजेडात रेखल्यासारखी दिसत होती, आणि माझे यजमान, ज्यांना मी तीस वर्षे ओळखते, ते अंधारात फक्त पोहण्याच्या वेडगळ पद्धतीवरून ओळखू आले.

शिंपल्यातली

लिंबूताई, हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आता मला प्रश्न पडला आहे की शिडीला लटकून एक पाय हलवणारी मी वरून कशी दिसत असेन.

प्रयोगवही

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते. तो उजेड प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो. त्यांतले बहुतेक एकपेशीय असतात. पाण्याला धक्का बसला की पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी क्रिया होते आणि सुमारे दशांश सेकंदाची निळी चमक निघते. ताईंच्या फोनला ती दिसली नाही यात फोनची चूक नाही. हलत्या होडीतून हातात धरलेल्या फोनने इतका क्षीण आणि क्षणिक उजेड टिपणे फार अवघड असते. हे जीव चमकतात कशासाठी, याचे एक स्पष्टीकरण मला विशेष आवडते. प्लवक खायला एखादा चिमुकला प्राणी आला की प्लवक चमकते, त्या उजेडात तो प्राणी उघडा पडतो आणि त्याला खाणारा मोठा मासा तिकडे वळतो. थोडक्यात, चोर घरात शिरल्यावर आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलावण्यासारखे आहे. त्या रात्री त्या पाण्यात आपण सगळे चोर होतो.

पावाचा_तुकडा

मी एक कबुली देतो. आमच्या होडीत कोणीतरी पाव आणला होता आणि मीही मुलांसोबत तो पाण्यात टाकला. क्षणात सार्जंट मेजर माशांची झुंबड उडाली, मुले आनंदली, आणि मग एका माशाने माझ्या मुलीच्या बोटाला चावा घेतला. जखम काहीच नव्हती, रडणे मात्र पुढच्या बेटापर्यंत चालले.

प्रयोगवही

ती बेटे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात आणि तिथे माशांना खाऊ घालण्यास मनाई आहे, हे आपल्याला त्या होडीवर कोणी सांगितले नसेल तर चूक त्यांचीही आहे. त्याऐवजी मुलांना पोपटमासा दाखवावा. तो प्रवाळावरचे शेवाळ दातांनी खरवडतो आणि त्याचा कटकट आवाज पाण्याखाली डोके ठेवले तर स्पष्ट ऐकू येतो. प्रवाळाचा चुरा त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो, हे कळल्यावर माझे विद्यार्थी पांढऱ्या वाळूकडे फार वेगळ्या नजरेने पाहतात.

सनस्क्रीनचेही तसेच आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि आणखी दोन रसायने असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानांत बंदी घातली असून दंड एक लाख बाटपर्यंत आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा त्याहून सोपा मार्ग आहे.

भाजलेली_पोटरी

सदऱ्याबरोबर पूर्ण लांबीची विजारही घाला, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तास-दीड तास पालथे तरंगताना पाठ सदऱ्याखाली सुरक्षित राहिली, पण गुडघ्यांमागची कातडी आणि पोटऱ्या अशा भाजल्या की पुढचे चार दिवस मी खुर्चीच्या कडेवर बसून काढले.

ओला_टॉवेल

आम्ही फी फी बेटांकडची सफर घेतली होती आणि माया बेमध्ये पोहायला मिळणार म्हणून मुलगा आठवडाभर नाचत होता. एका चित्रपटामुळे तिथे इतकी गर्दी लोटली की जून २०१८ मध्ये तो किनारा बंद करावा लागला, आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला तेव्हा पोहण्यावर बंदी आली. आम्हाला हे तिथे पोहोचल्यावर कळले. होड्याही आता समोरून येत नाहीत. मागच्या बाजूच्या तरंगत्या धक्क्यावर उतरून लाकडी वाटेने चालत जावे लागते. मुलगा रुसून पाण्याच्या कडेला उभा होता, आणि तेवढ्यात गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्कचे एक पिल्लू त्याच्यासमोरून शांतपणे निघून गेले. किनारा बंद असताना ते शार्क परतले, असे वाटाड्याने सांगितले. रुसवा तिथेच संपला, आणि पोहता आले नाही ते एका परीने बरे झाले असे त्याची आई म्हणाली.

नाळेवर_बसू_नका

लांब शेपटाच्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. मी त्यांच्या शेजारी पाय पसरून छायाचित्रासाठी बसले. इंजिनाच्या आवाजात नावाड्याचे बोलणे ऐकू येत नव्हते, म्हणून त्याने वेग कमी केला, पुढे आला आणि हात जोडून मला तिथून उठवले. त्या माळा होडीची राखण करणाऱ्या माए या नांग देवीसाठी असतात आणि नाळेवर पाय देणे तिचा अपमान समजला जातो. तो एका शब्दानेही रागावला नाही, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

चप्पल_हरवलेला

छायाचित्रांचे पुढे काय केलेत, ते सांगा.

शिंपल्यातली

तेरा काढून टाकली आणि एक ठेवले. कोणते ठेवले हे विचारू नये, कारण ते आता मलाही सांगता येणार नाही.

वल्हे_आणि_पाऊस

आमचा अनुभव अंदमानातल्या हॅवलॉकचा आहे, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. दिवसा एलिफंट बीचवर रबरी कड्याला धरून वाटाड्याच्या मागे ओढले जाण्याचा कार्यक्रम झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखे विशेष नाही. माझ्या डोळ्यांसमोर बहुतांश वेळ त्याच्या पायातले फ्लिपर होते. रात्री मात्र कयाकमधून खारफुटीच्या कडेने गेलो. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाण्यात उजेडाचा भोवरा फिरायचा. मग पाऊस सुरू झाला. मी परत फिरण्याची भाषा करत होतो, इतक्यात पहिले थेंब पाण्यावर पडले आणि जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे एक ठिपका पेटून विझला. सर बरीच मोठी होती. आम्ही दोघे नखशिखान्त भिजलो आणि परतण्याचा विषय कोणी काढला नाही.

पुढच्या_आठवड्यात

आम्ही पुढच्या आठवड्यात क्राबीला जात आहोत आणि आईचे वय ६८ आहे. तिला तरंगता येते, परंतु रात्री उतरू द्यावे की नाही हे ठरत नाही. शिंपल्यातलीताई, ती शिडी कशी होती ते कृपया सविस्तर सांगाल का?

शिंपल्यातली

शिडी लोखंडी, अरुंद आणि होडीच्या कठड्याला अडकवलेली होती. पाण्याखालच्या पायऱ्या बुळबुळीत होत्या, म्हणून आईंना पाण्यात चालणाऱ्या पायमोज्यांसारख्या चपला घालून उतरवा. उतरताना तोंड होडीकडे असावे आणि तुमच्यापैकी एकाने आधीच खाली पाण्यात असावे. होडी लाटेवर वर-खाली होते तेव्हा शेवटची पायरी पोटरीवर आपटते. मला तिथे जांभळा डाग पडला होता. चढताना दमछाक होते, तेव्हा वर ओढायला एक माणूस लागतोच. जॅकेट काढू देऊ नका. दिवे मालवण्यापूर्वीच आईंना पाण्यात उतरवा, म्हणजे पायऱ्या दिसत असतील, आणि त्या शिडी सोडत नसतील तर सोडायला लावू नका.